प्रवाळाचा रंग नेमका कोणाचा?

मंडळी, या वीकेंडला थोडं पाण्यात उतरायचं आहे. विषय ऐकायला अगदी घरगुती: घरातल्या काचेच्या टाकीत ठेवलेल्या प्रवाळांचा रंग का उडतो? पण या साध्या प्रश्नाचं धड उत्तर मिळायला माणसाला जवळजवळ तीनशे वर्षं लागली, आणि मध्ये एकदा तर सापडलेलं उत्तर चक्क हरवलं. मला त्या हरवण्याचीच गोष्ट जास्त सांगायची आहे.

आधी एक घोळ निस्तरू. पोवळं म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना कुणातरी काकांच्या बोटातली मंगळाची अंगठी आठवते. ते पोवळं भूमध्य समुद्रातल्या तांबड्या प्रवाळाचं. त्याचा लाल रंग हाडात मुरलेला असतो. प्राणी मेला, सोलला, घासला, सोन्यात बसवला, तरी लाल तो लालच. रीफ बांधणारी प्रवाळं मात्र निराळी. त्यांचा सांगाडा पांढराशुभ्र, चुन्याचा. सगळा रंग काय तो वरच्या पातळ कातडीत. आणि गंमत म्हणजे त्या कातडीत रंगाचे मालक दोन. एक म्हणजे पेशींच्या आत मुक्कामाला असलेली सूक्ष्म शैवालं, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा-दहा लाख, कधी त्याहूनही जास्त. त्यांचा रंग सोनेरी-तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा. दुसरा मालक खुद्द प्रवाळ. तो प्रथिनांचे हिरवे, निळे, जांभळे, गुलाबी रंग स्वतः बनवतो. म्हणजे फोटोशॉपमधल्या लेयर्ससारखं आहे बघा: तळाशी पांढरा सांगाडा, त्यावर तपकिरी थर, आणि त्यात मिसळलेले हे झगझगीत रंग.

हे एकदा डोक्यात बसलं की रंग उडण्याचे दोन प्रकार का असतात ते कळतं. शैवालं वाढली की सगळं चॉकलेटी, मळकट दिसायला लागतं. शैवालं गेली की कातडीतून आरपार पांढरा सांगाडा दिसतो, यालाच ब्लीचिंग म्हणतात. पहिल्यात प्रवाळ फक्त कुरूप होतं. दुसऱ्यात ते उपाशी मरायला टेकलेलं असतं. दोन्हींना आपण "रंग गेला" असं एकच वाक्य वापरतो, आणि तिथेच निम्मी गडबड होते.

आता मागे जाऊ.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रवाळ हा प्राणीच आहे हे कुणाला मान्य नव्हतं. १७०६ मध्ये मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने समुद्रातून काढलेली ताजी फांदी समुद्राच्याच पाण्यात ठेवली आणि तिच्यावर आठ-आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमललेली पाहिली. फुलं आली म्हणजे झाड, विषय संपला. मग पेसोनेल नावाच्या मार्सेलच्या एका डॉक्टरने त्याच "फुलांचं" नीट निरीक्षण केलं आणि ठाम सांगितलं की हे किडे आहेत, प्राणी आहेत. पॅरिसच्या अकादमीतले दादा माणूस रेओम्यूर यांना हे इतकं हास्यास्पद वाटलं, की १७२७ मध्ये त्यांनी त्याचं म्हणणं अकादमीपुढे मांडताना लेखकाचं नावच घेतलं नाही. उगाच बिचाऱ्याची शोभा नको! पुढे १७४० च्या दशकात ट्रेंबली यांचे गोड्या पाण्यातल्या हायड्रावरचे प्रयोग गाजले, तेव्हा रेओम्यूर यांनी माघार घेतली आणि पेसोनेलचं नाव छापून श्रेय दिलं. तोवर पेसोनेल ग्वादलूप बेटावर डॉक्टरकी करत होता. कोड रिव्ह्यूमध्ये आपला बरोबर असलेला बदल कुणीतरी फेटाळावा आणि दीड दशकाने मान्य करावा, तसं काहीसं.

प्रवाळ घरात पाळण्याचा पहिला नीट नोंदलेला प्रयोग एका बाईंनी केला. अ‍ॅना थिन. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचा उपप्रमुख. १८४६ साली त्या टॉर्कीच्या समुद्रकिनाऱ्यावर गेल्या, तिथली छोटी कप-प्रवाळं त्यांना भयंकर आवडली आणि दगडी बरणीत घालून त्यांनी ती लंडनला आणली. समुद्राचं पाणी संपलं की नवीन आणणार कुठून? मग तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चालायचं, आणि बाईंनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की ते त्यांची मोलकरीण करायची. म्हणजे जगातला पहिला रीफ टँकचा एअर पंप एक मोलकरीण होती, आणि तिचं नाव मला कुठेही सापडलेलं नाही. ही प्रवाळं काही वर्षं जगली, त्यांना पिल्लंही झाली. पण त्यांचा रंग उडायचा प्रश्न आला नाही, कारण थंड समुद्रातल्या या जातीच्या पोटात शैवालं नसतातच. नवशिक्याला नशिबाने सोपा प्रश्न मिळाला म्हणायचा.

शैवालांचा शोध पुढचा. समुद्रफुलं, जेलीफिश, रेडिओलेरिया अशा प्राण्यांच्या शरीरात पिवळ्या पेशी दिसतात हे सूक्ष्मदर्शकवाल्यांना माहीत होतं. त्या प्राण्याच्या ग्रंथी असाव्यात असा समज होता. १८८१ मध्ये जर्मनीच्या कार्ल ब्रांट यांनी त्या स्वतंत्र जीव आहेत असं म्हणून त्यांना झूझँथेला हे नाव दिलं. आणि दुसऱ्याच वर्षी, १८८२ मध्ये, एका तरुण स्कॉटिश माणसाने पुढचा प्रश्न विचारला: बरं, स्वतंत्र आहेत ना, मग तिथे बसून करतात काय?

त्याचं नाव पॅट्रिक गेडेस. वय अठ्ठावीसच्या आसपास, म्हणजे आपल्याच वयाचा. त्याने काय केलं, तर समुद्रफुलं उन्हात ठेवली आणि त्यांच्यातून निघणारा वायू गोळा करून तपासला. भरपूर ऑक्सिजन. पिवळ्या पेशींमध्ये स्टार्च सापडला. गेडेसने गणित मांडलं ते असं: शैवाल उजेडात अन्न बनवतं, प्राण्याला ऑक्सिजन आणि अन्न देतं. प्राणी श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि नत्राचा कचरा शैवालाला देतो. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा कच्चा माल. आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे सापडेल. १८८२ मध्ये ही उडीच होती.

आता हे नाव तुमच्यापैकी ज्यांनी आर्किटेक्चर किंवा समाजशास्त्र वाचलंय त्यांच्या कानावर आलं असेल. होय, तोच तो! गेडेस पुढे जीवशास्त्रातून शहरांकडे वळला, १९१४ मध्ये भारतात आला, मुंबई इलाख्यातल्या शहरांवर त्याने अहवाल लिहिले, आणि १९१९ ते १९२४ तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक होता. शहर हाही एक जीव आहे, त्याची पेठ, तळं, वाडे आंधळेपणाने पाडू नका, आधी कोण कुणावर जगतंय ते बघा, असं तो नगरपालिकांना सांगत फिरला. मला हे वाचताना सारखं वाटत राहिलं की हा माणूस पिवळ्या पेशींबद्दलच बोलतोय. आणि अजून एक योगायोग: त्याच्यानंतर त्या खुर्चीवर बसले ते गो. स. घुर्ये, जन्म मालवणचा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जिथे प्रवाळं आहेत ते हेच मालवण. याचा अर्थ काही नाही, पण मला आवडला, म्हणून सांगितला.

असो. गेडेसचं उत्तर बरोबर होतं. मग ते हरवलं कसं?

१९२८ च्या जुलैमध्ये ब्रिटिशांची एक मोठी मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर, लो आइल्स नावाच्या चिमुकल्या बेटावर जाऊन बसली. वर्षभर. प्रमुख मॉरिस यंग, वय २८ (हो, पुन्हा २८, या गोष्टीत सगळे आपल्याला लाजवायलाच निघालेत). प्रवाळ काय खातं, किती वाढतं, किती ऑक्सिजन घेतं, सगळं मोजायचं ठरवून हे लोक गेले होते. यंग आणि निकोल्स यांनी प्रवाळं उजेड न शिरणाऱ्या पेट्यांमध्ये बंद करून ठेवली. शैवालं गेली, प्रवाळ पांढरं पडलं, पण खायला घातलं की जिवंत! मग त्यांनी काही प्रवाळं उपाशी ठेवली. प्रवाळाने शैवालं खाल्ली का? नाही, उलट बाहेर टाकून दिली. पाणी तापवलं तरी तेच, शैवालं बाहेर. मोहिमेच्या उन्हाळ्यात, १९२९ मध्ये, ओहोटीच्या वेळी रीफच्या पठारावरचं पाणी ३५ अंशांपर्यंत गेलं आणि तिथली प्रवाळं त्यांच्या डोळ्यांदेखत पांढरी पडली. ब्लीचिंगचं इतकं नीट वर्णन त्याआधी कुणी केलेलं नव्हतं.

निरीक्षणं एक नंबर. निष्कर्ष मात्र चुकला. यंग म्हणाले, प्रवाळ हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. शैवालं त्याला अन्न म्हणून उपयोगी नाहीत, नाहीतर उपासमारीत त्याने ती खाल्ली नसती का? फार तर कचरा उचलायला त्यांची मदत होते. म्हणजे सफाई कामगार, स्वयंपाकी नव्हे.

यातली गोम कुठे आहे ते बघा. यंग यांनी गृहीत धरलं की अन्न द्यायचं म्हणजे स्वतःला खाऊ घालायचं. शैवाल साखरेसारखे पदार्थ बनवून गळतीसारखे बाहेर सोडत असेल आणि प्रवाळ ते पीत असेल, ही शक्यता त्यांच्या प्रयोगात दिसूच शकत नव्हती. गाय दूध देते का हे ठरवायला उपाशी माणूस गाय कापून खातो का ते बघण्यासारखं झालं. आणि यंग हे पुढे या विषयातले सर्वांत मोठं नाव झाले, त्यामुळे त्यांचं मत तीसेक वर्षं खुंटा ठोकून बसलं. मला त्यांच्यावर राग नाही. त्या बेटावर वर्षभर राहून त्यांनी जो डेटा गोळा केला तो आजही वापरला जातो. पण गेडेसने पन्नास वर्षांपूर्वी साधा वायू मोजून जे पकडलं होतं ते मोठ्या मोहिमेच्या हातून निसटलं, हे खरंच.

उत्तर परत मिळालं ते अणुयुगामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सारी कार्बन-१४ प्रयोगशाळांत मिळू लागला. म्हणजे कार्बनच्या अणूला बिल्ला लावून तो कुठे कुठे फिरतो ते बघता येऊ लागलं, आपल्या लॉगमधल्या ट्रेस आयडीसारखं. १९५८ मध्ये मस्कटीन आणि हँड यांनी समुद्रफुलाच्या शैवालात शिरलेला कार्बन काही काळाने प्राण्याच्या ऊतींत सापडतो हे दाखवलं. १९६९ पर्यंत प्रवाळातही तेच सिद्ध झालं. जमैकात थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की उजेडात प्रवाळ अंधारापेक्षा कितीतरी वेगाने सांगाडा बांधतं. म्हणजे स्वयंपाकी तर होताच, गवंड्याच्या हाताला जोरही त्याच्याच जेवणाचा होता. याच गोरो यांनी १९६३ च्या फ्लोरा वादळानंतर जमैकाच्या किनाऱ्यावर पावसाचं गोडं पाणी पसरून प्रवाळं पांढरी पडलेली पाहिली आणि १९६४ मध्ये त्यावर लिहिलं.

आणि प्रवाळाच्या स्वतःच्या रंगांचं काय? तिथे नाव घ्यायचं ते सिरो कावागुती यांचं. पॅसिफिकमधलं पलाऊ तेव्हा जपानच्या ताब्यात होतं आणि तिथे जपान्यांचं छोटंसं संशोधन केंद्र होतं. कावागुती यांनी प्रवाळातला हिरवा चमकणारा पदार्थ वेगळा ओळखला आणि हा प्रवाळाला प्रखर उन्हापासून वाचवत असावा असा अंदाज बांधला. त्याच सुमारास त्यांनी झूझँथेला हे डायनोफ्लॅजेलेट गटातले जीव आहेत हेही दाखवलं. साल १९४४. जग त्या वेळी पॅसिफिकमध्ये वेगळ्याच कामात गुंतलं होतं, त्यामुळे ते कुणी फारसं वाचलं नाही.

आता प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात. उष्ण समुद्रातली रीफ घरात जिवंत ठेवणं १९५० च्या दशकापर्यंत अशक्यच समजलं जायचं. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी ते करून दाखवलं, आणि १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात लिहिलं. त्यांची युक्ती म्हणजे जवळजवळ काहीच न करणं. जिवंत खडक, म्हणजे जिवाणू आणि बारीकसारीक जिवांनी भरलेले रीफचे दगड, खिडकीतलं ऊन, आणि हवेचे थोडे बुडबुडे. बास. पण जकार्तातलं ऊन बर्लिनमध्ये कुठून आणायचं? मग जर्मनांनी जे करायचं ते केलं: यंत्रं बांधली. पेटर विल्केन्स यांनी चुन्याची निवळी घालून कॅल्शियम राखायला शिकवलं. बर्लिनच्या डीट्रिश श्ट्यूबर आणि मंडळींनी जिवंत खडक, तेजस्वी दिवे आणि प्रोटीन स्किमर यांची जोडी जमवली. स्किमर म्हणजे बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातला सेंद्रिय मळ वर उचलून टाकणारं नळकांडं. उसाचा रस उकळताना मळी काढतात ना, तसंच. श्ट्यूबर यांच्या टाकीतल्या एका अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या तोडून तोडून मित्रांना दिल्या गेल्या, त्यांनी पुढे त्यांच्या मित्रांना, असं करत ते एकच प्रवाळ कितीतरी देशांतल्या टाक्यांत पोचलं. ओपन सोर्स म्हणतात तो हाच :)

या यशातून एक श्रद्धा जन्माला आली: स्वच्छ पाणी म्हणजे रंगीत प्रवाळ. आणि ती बरीच खरी होती. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढलं की शैवालांना खत मिळतं, ती बेसुमार वाढतात आणि प्रवाळ तपकिरी होतं. उजेड कमी पडला तरी प्रत्येक शैवाल जास्त हरितद्रव्य भरून ठेवतं, परिणाम तोच. मग उपाय सरळ: खत कमी करा, उजेड वाढवा. २००० नंतर तर नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणणाऱ्या पद्धतींची लाट आली. खनिजांचे खडे, जिवाणूंच्या बाटल्या, चक्क व्होडकाचे थेंब (जिवाणूंना खाऊ म्हणून, मालकाला नव्हे). फोटोंमध्ये ती प्रवाळं पेस्टल रंगाची, नाजूक, स्वप्नातली दिसायची. ती अर्धी ब्लीच झालेली असायची असं माझं स्पष्ट मत आहे, पण हे मी त्या लोकांच्या तोंडावर म्हणणार नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राची बाणेरला दोनशे लिटरची टाकी आहे. (प्रवाळं आयात केलेली, कागदपत्रांसकट. आपल्या समुद्रातली तोडून आणणं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, म्हणजे वाघ मारण्याच्या रांगेत. हे अनेकांना माहीत नसतं.) त्याने जांभळ्या टोकांचं एक अ‍ॅक्रोपोरा घेतलं, ते दोन महिन्यांत कोको पावडरसारखं झालं. मग त्याने मासे कमी केले, खाणं कमी केलं, फॉस्फेट शोषणारी पावडर घातली, नवीन एलईडी दिवा पूर्ण जोरात लावला. प्रवाळ तपकिरीचं फिकट झालं, त्याला आनंद झाला, आणि पंधरा दिवसांत ते खालून वर पांढरं पडत गेलं. "अरे, टेस्ट किटवर सगळं शून्य येतंय, मग मरतंय कसं?" हा त्याचा प्रश्न. शून्य येतंय म्हणूनच मरतंय, हे त्याला पटवायला मला एक अख्खा शनिवार लागला. त्याच्यासाठी जमवलेली माहिती म्हणजेच हा लेख, असं समजा.

त्याला पटलं ते इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या कामामुळे. योर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी समुद्रात बुड्या मारण्याऐवजी प्रयोगशाळेतल्या टाक्यांत प्रवाळं वाढवली, म्हणजे छंदवाल्यांचंच तंत्र, फक्त मोजमाप काटेकोर. २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष उलटा वाटावा असा होता: नत्र भरपूर आणि फॉस्फेट नाही अशी स्थिती असेल, तर प्रवाळ उष्णतेला आणि प्रखर उजेडाला लवकर बळी पडतं. कारण शैवालं नत्रावर वाढायला बघतात, पण पेशीचे पडदे बांधायला फॉस्फरस लागतो. तो नसला की ती फॉस्फरसच्या जागी गंधक असलेले मेदपदार्थ घालून काम भागवतात. सिमेंट नाही म्हणून मातीने लिंपलेली भिंत. ऊन सौम्य आहे तोवर उभी राहते. दिवा वाढवला, पाणी तापलं, की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते, घातक ऑक्सिजनचे रेणू तयार होतात, आणि प्रवाळ त्या भाडेकरूला घराबाहेर काढतं. घरातल्या टाकीत रंग उडण्याची बहुतेक भांडणं या एका वाक्यावर येऊन थांबतात: शैवालाला खत जास्त झालं तर तपकिरी, फॉस्फेट तुटलं किंवा ऊन-उष्णता सोसवेना झाली तर पांढरं. माझ्या मित्राने एकाच महिन्यात फॉस्फेट तोडलं आणि दिव्याचा जोरही वाढवला होता.

रंगांच्या प्रथिनांची कथा तर याहून झकास आहे. १९९९ पर्यंत जीवशास्त्रज्ञांना चमकणारं प्रथिन माहीत होतं ते एका जेलीफिशचं, हिरवं. मॉस्कोतल्या काही संशोधकांना, त्यात ल्युकियानोव्ह, मात्स, लाबास ही मंडळी होती, वाटलं की हे प्रथिन स्वतः उजेड न पाडणाऱ्या प्रवाळवर्गीय प्राण्यांतही असू शकेल. पण मॉस्कोपासून उष्ण समुद्र किती लांब! त्यांनी नमुने मिळवले ते मॉस्कोतल्याच अ‍ॅक्वेरियममधून. त्यातल्या डिस्कोसोमाच्या, म्हणजे नवशिके लोक पहिल्यांदा विकत घेतात त्या "मशरूम" प्रवाळाच्या, कातडीतून जे लाल प्रथिन निघालं त्याने पेशी रंगवून बघण्याचं शास्त्रच बदललं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाला मिळालं, पण त्याच्या रंगपेटीतला लाल खडू अ‍ॅक्वेरियममधला आहे.

आणि प्रवाळ हे रंग करतं कशाला? २००० साली अन्या सालिह आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चमकणारे रंग शैवालांवर पडणारा जादा उजेड गाळतात. छत्री. कावागुती यांचा १९४४ चा अंदाज छप्पन वर्षांनी खात्यावर जमा झाला. साउथॅम्प्टनच्याच लोकांनी पुढे दाखवलं की निळा उजेड जास्त मिळाला की प्रवाळ ही छत्री जास्त दाट विणतं. रीफ टाकीचे दिवे निळे का असतात त्याचं हे एक कारण. २०२० मध्ये त्यांनीच आणखी एक कोडं सोडवलं. समुद्रात कधी कधी प्रवाळं ब्लीच होताना पांढरी न पडता भडक निऑन रंगाची होतात. कारण शैवालं कमी झाली की उघड्या पडलेल्या पांढऱ्या सांगाड्यावरून उजेड आत परावर्तित होतो, प्रवाळाला वाटतं ऊन वाढलं, आणि ते छत्र्या उघडायला लागतं. शैवालांना परत यायला सावली मिळावी म्हणून. म्हणजे प्रवाळ सर्वांत सुंदर दिसतं तेव्हा ते सर्वांत अडचणीत असू शकतं. टाकीवाल्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

समुद्रात हे प्रमाण वेगळंच आहे. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अवघा एक अंश जास्त, तोही काही आठवडे टिकला, की ब्लीचिंग सुरू. १९८२-८३ च्या एल निनोत पूर्व पॅसिफिकमध्ये ते मोठ्या प्रमाणावर झालं, १९९८ मध्ये जगभर झालं. आपल्या लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे तडाखे बसले. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंगला आपण सगळेच जाऊन येतो. तिथल्या सागरी अभयारण्यातही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी ब्लीचिंग नोंदवलंय. २०२३ च्या सुरुवातीपासूनची लाट तर जगातली चौथी आणि आजवरची सर्वांत मोठी. २०२५ पर्यंत जगातल्या प्रवाळभूमीपैकी ८४ टक्के भागाला ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता पोचली होती. तिथे फॉस्फेटची पावडर काढून घ्यायची किंवा दिवा मंद करायची सोय नाही.

फ्लोरिडाच्या टोकाला ड्राय टॉर्टुगास नावाची बेटं आहेत. तिथे १९०५ पासून आल्फ्रेड मेयर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा होती. १९१४ मध्ये त्याने लिहून ठेवलंय की उष्ण समुद्रातले प्राणी त्यांच्या मरणाच्या तापमानाच्या अगदी जवळ, काही अंशांच्या अंतरावर जगतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाजवळचं पाणी तापायला लागलं तेव्हा तिथल्या लोकांनी समुद्रातल्या नर्सरीतली हजारो प्रवाळं घाईघाईने उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणली, चिलर लावलेल्या. समुद्रात राहिलेल्या हरणशिंगी आणि सांबरशिंगी अ‍ॅक्रोपोरांपैकी फ्लोरिडा कीज आणि ड्राय टॉर्टुगासमध्ये ९८ ते १०० टक्के मेली, असं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालं. त्या दोन जातींचे तिथले वाण आता उरलेत ते बऱ्याच अंशी त्या टाक्यांमध्ये. दिवे, पंप, स्किमर, आणि रोज नायट्रेट-फॉस्फेट मोजणारं कुणीतरी.